पाकिटावरची हळद

नात भाजी फोडणीला टाकत होती, तेवढ्यात बोटीवरच्या नवऱ्याचा फोन आला. तिने तशाच हाताने उचलला आणि काचेवर हळदीचा अंगठा उमटला. मला माझं जुनं खूळ आठवलं.

दुसरी मोठी लढाई संपली होती, पण पलटणीबरोबर गेलेले 'हे' इटलीतच अडकले होते. परतीच्या जहाजात नंबर लागत नव्हता. पत्र यायचं ते मामंजींच्या नावाने, शेवटी 'घरच्या सर्व मंडळींस नमस्कार'. त्या मंडळींत आपणही असू, एवढ्यावर मी आठवडाभर हवेत. वेडीच होते. मामंजींचं उत्तर खळीने चिकटवायचं काम माझं. मी पाकिटाच्या कोपऱ्यावर हळूच हळदीचं बोट टेकवायची.

एकदा सासूबाईंनी पाहिलं. "हात धुऊन ये गं, घाणेरडी कुठली." ते पाकीट कोरंच गेलं.

यांचं उत्तर मामंजींनी ओसरीवर मोठ्याने वाचलं, "मागचं पाकीट फार स्वच्छ आलं. घरी सर्वांची प्रकृती बरी आहे ना?"

"स्वच्छ पाकिटाने कुणाची प्रकृती बिघडते?" मामंजी म्हणाले.

आत माझी भाकरी करपली. पुढच्या पाकिटावर मी पाचही बोटं उमटवली. तरी जहाज मिळायला आठ महिने लागलेच.

नात पदराने काच पुसू लागली. "राहू दे की," मी म्हटलं.

"आजी, त्याचा चेहरा दिसत नाही."

चेहरा तर मला तेव्हा रोज आठवून जमवावा लागे, आणि नाकाशी येऊन मी अडायची. आता हे नाहीत, तर पुन्हा तिथेच अडते.