साडूंनी बघितलेल्या दोन बोटी

पंचगंगेचं पाणी प्यायलेल्या माणसांत आमच्या साडूंइतका सुखी माणूस आजवर झाला नाही, आणि त्या सुखाचा त्रास माझ्याइतका कुणाला झाला नाही. साडू म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान. मूळचे गडहिंग्लजकडचे, म्हशींच्या गोठ्यात वाढलेले, आता कोल्हापुरात दुधाचा दांडगा धंदा. थोरला जावई मी, पण सासुरवाडीला मटणातली नळी कायम त्यांच्याच ताटात पडते. देवानं मला साडूंपेक्षा एकच गोष्ट जास्त दिली, ती म्हणजे उंची, आणि तिचा उपयोग आजवर फक्त माळ्यावरचे डबे काढायला झाला. मी हौसेनं गिअरची सायकल घेतली, पुसूनपासून दारात लावली, आता सगळं घर बघायला येणार म्हणून इस्त्रीचा शर्ट घालून बसलो. त्याच संध्याकाळी साडूंनी जाहीर केलं, की ते शिडाची बोट घेणार आहेत. जुनीच, पण आत झोपायची, रांधायची, चार-आठ दिवस समुद्रावर राहायची! ज्या गावात बोट म्हणजे रंकाळा तळ्यातलं पायानं हाणायचं बदक, त्या गावात! माझ्या सायकलीवर त्या दिवशी फक्त एक कावळा बसला.

साडूंचा एक नेम आहे. कुठलीही वस्तू एकटी बघायची नाही, जोड लावूनच बघायची. कलिंगड घेतील तर दोन मांडीवर घेऊन तबला वाजवल्यागत वाजवतील. गादी घ्यायला गेले तेव्हा दुकानात दोन गाद्यांवर आळीपाळीनं झोपले, आणि दुसऱ्या गादीवर इतके गाढ घोरले की झोपमोड नको म्हणून दुकानदारानं गिऱ्हाइकांना चपला बाहेर काढायला लावल्या. एकदा दोन दाढा दुखत होत्या, तर एक या डॉक्टरकडून काढली आणि दुसरी त्या डॉक्टरकडून. मग दोन्ही गाल धरून घरोघर निकाल सांगत फिरले. दुसरी सवय खांद्यावरच्या पिवळ्या टॉवेलची. एसटीच्या खिडकीतून तो आत फेकून जागा धरायची, हे त्यांनी दारात मोटार आली तरी सोडलं नाही. लग्नाच्या पंगतीत आधी टॉवेल बसतो, मग साडू.

तर गोव्यात नदीकाठी अशाच दोन बोटी विकायला होत्या. "पावणं, तुम्ही चला. तुमच्याबिगर जमायचं न्हाई," साडू म्हणाले. मी गेलो. का गेलो? दोन्ही बोटी कुजक्या निघाव्यात म्हणून अंबाबाईला नारळ बोललो होतो, आणि तो क्षण मला डोळ्यांनी बघायचा होता.

दोन्ही तीस-तीस फुटी, किनाऱ्यावर लाकडी टेकूंवर शेजारी शेजारी उभ्या. एक पांढरी, रुंद, हलकी, नव्या नवरीसारखी. दुसरी हिरवी, अरुंद, वजनदार, बुडाखाली लांबलचक कणा, रंगाचे पोपडे निघालेले. दोन्हींचा दलाल एकच, अर्ध्या चड्डीतला सज्जन माणूस. तो डोलकाठी दाखवत होता आणि साडू मागच्या बाजूला जाऊन उकिडवे बसले होते. म्हैस मागनं बघायची असते ना! मग त्यांनी दोन्हींच्या पोटावर बोटांनी टकटक केलं, कान लावला आणि चौकशी सुरू केली.

"पाणी किती पिती?"

"हिरवी थोडं आत घेते. रोज उपसावं लागतं," दलाल प्रामाणिकपणे म्हणाला.

"दावं तोडती का?"

"पांढरी जरा ओढते. पण पळते बघा कशी!"

"आन् ही?"

"ही सावकाश. पण लाटेत हलत नाही."

मग साडूंनी दलालाच्या हातावर पिवळा टॉवेल टाकला आणि जनावरांच्या बाजारातल्या रिवाजाप्रमाणे आतून त्याची बोटं दाबून सौदा सुरू केला. दलालाला वाटलं, हे हात बघणारे आहेत. तो हळूच म्हणाला, "मुलीचं लग्न कधी जमेल तेवढंही सांगा."

पण खरी परीक्षा पुढंच होती. "पावणं, आत जाऊन झोपा जरा."

"मी कशाला?"

"झोपा की ओ!"

पांढरीच्या पोटात दिवाणखाना होता दिवाणखाना! अर्धचंद्राकार गुबगुबीत बाक, चकचकीत ओटा. माझ्या छातीत जी कळ आली, ती हृदयाची नव्हती. बाकावर आडवा झालो तर गुडघे हनुवटीला. हिरवीत नुसत्या दोन सरळ फळ्या, समोरासमोर. तिथं पाय थेट सुटले, पायांपुढं वीतभर जागा उरली. साडू वाकून माझ्या तळव्यांकडे बघत होते. मी समजलो, फुकटची मोजपट्टी म्हणून मला आणलंय, आणि मनातल्या मनात अंबाबाईचा नारळ दुप्पट केला.

त्यांनी हिरवी घेतली. मला इतका आनंद झाला की आजऱ्यापर्यंत मी गाडीत शीळ घालत होतो. तिथं चहाला थांबलो, तेव्हा मीठ चोळायचं म्हणून मुद्दाम विचारलं, "एवढी देखणी पांढरी सोडून ही पाणी पिणारी म्हातारी का हो घेतलीत?"

साडू बशीत चहा ओतत म्हणाले, "पांढरीत तुमचं पाय कुठं मावत हुतं? एकट्यानं समुद्रात जाऊन काय करू? बोलायला कोण नको व्हय?"

माझा चहा बशीतच निवला.

त्याला आता दोन पावसाळे झाले. साडू शीड धरायला शिकले, मालवणपर्यंत जाऊन आले, हातावर फोड मिरवतात. बायको रोज म्हणते, "दाजींनी बोलावलंय तर जावा की एकदा." मी गेलेलो नाही. गेलो तर तोंडानं 'झकास आहे' म्हणावं लागेल, आणि ते माझ्या घशातून निघायचं नाही. दर खेपेला साडू फोटो पाठवतात. समुद्राचा नाही, सूर्याचा नाही. हिरवीच्या पोटातल्या उजवीकडच्या फळीचा. तिच्यावर तो पिवळा टॉवेल पसरलेला असतो, आणि खाली एवढंच लिहिलेलं, "जागा धरलीया."

हल्ली दुपारी मी सोफ्यावर आडवा होतो, तेव्हा माझे पाय बाहेर लोंबतात. पूर्वी हे कधी लक्षात आलं नव्हतं.