रघूदादाचा अंगठा

सकाळी सहाला मोबाइल वाजला, मयेच्या संदेशचं नाव दिसलं, आणि मी ‘हॅलो’सुद्धा न म्हणता ओरडलो, “सापडली?” मग संदेश म्हणाला, “काका... दादा गेले.” आणि पाठोपाठ, त्या बिचाऱ्याचा काही दोष नाही, कोणीही विचारलं असतं, त्याने विचारलं, “सापडली म्हणजे कोण?” मी फोन ठेवून दिला. मरणाची बातमी ऐकून माणसं रडतात, मटकन खाली बसतात. मी फोन ठेवला, कारण माझी चोरी उघडी पडत होती. वेंधळेपणा मी जन्मभर केला, आमच्या कुटुंबात दर लग्नकार्यात त्याची उजळणी होते आणि मीही मोठ्याने हसतो. हा एक प्रकार मात्र आज पाच आठवडे झाले तरी मला कोणाला सांगता आलेला नाही.

रघूदादा माझा मावसभाऊ, माझ्याहून चौदा वर्षांनी मोठा. डिचोलीला गुरांच्या दवाखान्यात मदतनीस म्हणून नोकरी करून निवृत्त झालेला. लग्न केलं नाही. मये तळ्याच्या वरच्या अंगाला, पुतण्या संदेशच्या घराला लागून त्याच्या दोन खोल्या आणि दारात सोपो, म्हणजे बसायचा सिमेंटचा कट्टा. संध्याकाळी त्या सोप्यावर दरबार भरायचा. कोणी ना कोणी आपलं कुत्रं घेऊन यायचा आणि छाती फुगवून सांगायचा, “रघूदादा, हो प्युअर अल्सेशियन.” दादा चहा संपवायचा, कप बाजूला ठेवायचा आणि म्हणायचा, “चलवून दाखव.”

रंगाकडे तो बघायचाच नाही. “रंग म्हणजे कपडे रे. कपडे बघून मनशाचो गांव कळता?” आधी पाय. मागच्या पायाला जास्तीचं बोट आहे का. मग शेपटी कुठून सुरू होते ते. आणि शेवटी कान. पण कान तो बघायचा नाही, डोळे मिटून कानाच्या मुळाशी अंगठा फिरवायचा, रेडिओचं बटण फिरवावं तसा, हळूहळू स्टेशन लागेपर्यंत. मग निकाल. “आवय गांवठी. बापूस अर्धो डॉबरमन. आणि आजो... थांब, साखळीच्या रस्त्यार पूर्वी एक कंत्राटदार रवायचो, तेचो मुधोळ आसलो मगो?” आणि खरोखरच तसा कंत्राटदार असायचा, त्याचा मुधोळ कुत्राही लोकांना आठवायचा. दादाचं निम्मं ज्ञान बोटांत होतं आणि निम्मं तालुक्याच्या आठवणीत. कुठल्या बंगल्यात कोण राहायचा, हरमलच्या किनाऱ्यावर कुठला गोरा कसली कुत्री मागे टाकून विमानात बसला, हे सगळं त्याला पाठ. मी चिडवायचो, “दादा, तुझा आजा कोण ते तरी नक्की सांगता येईल का?” तो म्हणायचा, “माझे कान ओढून बघ.”

माझी स्वतःची परीक्षा एकदाच झाली. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मी एक पांढराशुभ्र, मुठीत मावणारा पोमेरियन घेतला आणि माझ्या गावी, पार्शाला, घरी नेण्याआधी कौतुकाने दादाला दाखवायला नेला. दादाने पिल्लाचा पंजा उचलून माझ्यासमोर धरला. “हें काय? पाव भाजूचें फावडें. घराचां दार मोठां करून घे.” वर्षभरात माझा पोमेरियन वासराएवढा झाला आणि शेजारणी मला ‘खंय रे तुझो ससो?’ म्हणून विचारू लागल्या. त्या दिवसापासून मी कुत्र्यांबद्दल मत देणं सोडून दिलं. सोडून दिलं होतं, असं म्हणायला हवं.

शेवंती त्याच्याकडे आली ती शिरगावहून. खाणी बंद पडल्या तेव्हा साहेबलोक बंगले रिकामे करून गेले. पंखे, एसी, पडद्यांचे दांडेसुद्धा काढून नेले, आणि कुत्री फाटकाबाहेर सोडली. काही वर्षांनी गावातल्या कुत्र्यांत त्या बंगल्यांचे चेहरे दिसू लागले. शेवंती त्यांतलीच. रंग वाळलेल्या शेवंतीसारखा, एक कान उभा, एक पडलेला, पाय मात्र आखूड, जणू भलत्याच कुत्रीचे लावलेले. दादा लोकांना तिची ओळख करून द्यायचा, “डोक्यात लॅब्राडोर, पायांत डॅशंड, पोटात गांवठी. हिचो आजो मॅनेजर आसलो.” तिच्या पडलेल्या कानाच्या मुळाशी वाटाण्याएवढी गाठ होती, गोचीड चावल्याची. बोलता बोलता दादाचा अंगठा त्या गाठीवर फिरत राहायचा. जप चालल्यासारखा.

चवथीच्या, म्हणजे गणपतीच्या, आदल्या आठवड्यात दादाला इस्पितळात हलवलं. संदेशच्या घरात तान्हं मूल, म्हणून दादाने मला बोलावून घेतलं. पोट फुगलेलं, आवाज खोल गेलेला. “दुसरां काय नको. शेवंतीक तुझ्याकडे ठेव. मी येयसर.” मी तिला गाडीत घालून पार्शाला आणलं. सारा रस्ता ती माझ्या मांडीवर हनुवटी ठेवून बसली होती.

आणि मी काय केलं? चवथीच्या दिवशी दुपारची आरती झाली, दर वर्षीप्रमाणे मी उत्साहाने अंगणात फटाक्यांची माळ लावली. शैला, माझी बायको, आतून ओरडली, “अहो, कुत्री!” तोवर वात पेटली होती. धूर निवला तेव्हा मागच्या खांबाला नुसती दोरी लोंबत होती.

पुढचे सोळा दिवस मी माणसात नव्हतो. काजूच्या बागा, माडांच्या खालची शेतं, तुयें, कोरगाव, हायवे, कोलवाळचा पूल... ती मयेला निघाली असेल तर नदी ओलांडावीच लागणार, म्हणून पुलावरच्या प्रत्येकाला मी विचारत होतो. तिचा धड एक फोटो नव्हता. फोनवर वर्णन करायची वेळ आली की तोंडातून दादाचंच वाक्य यायचं: डोक्यात लॅब्राडोर, पायांत डॅशंड. ऐकणाऱ्याला काय कळणार? लोकांचे फोन यायचे, “शंभर टक्के लॅब, साहेब, या.” मी धावत जायचो. तिथे कधी बोक्याच्या आकाराचं काळं पिल्लू, कधी गळ्यात पट्टा असलेला कोणाचा तरी म्हातारा बुलडॉग. एकदा तर मी गवत कापून रचलेल्या ढिगामागे तपकिरी काहीतरी बघून ‘शेवंती गो!’ म्हणत चिखलातून पळालो, आणि ते रेडकू निघालं. मी तिथेच बांधावर बसून रडलो. रेडकू माझ्याकडे बघत राहिलं.

तेवढ्यात दादाला घरी पाठवलं. करण्यासारखं काही उरलं नव्हतं. रोज संदेशचा फोन, “काका, दादा शेवंतीला विचारतात.” मी म्हणायचो, तिला ताप आहे. मग म्हणालो, गाडी बिघडलीय. मग म्हणालो, उद्या नक्की. एका माणसाची एकच इच्छा होती आणि ती माझ्या अंगणातून पळाली होती.

मग धारगळला एका बांधकामावर मला ती दिसली. ती म्हणजे... तशी. तोच रंग, एक कान पडलेला. बेळगावकडची एक बाई तिला भाकरी घालत होती. मी हात जोडले तर ती म्हणाली, “न्या की ओ. आठ दिसांत आमचं काम सरतंय, मागं तिला कोण बघणार?” घरी आणली तर शैलाने एकदाच बघितलं. “अहो, ही ती न्हय. पाय बघा हिचे, केवढे लांब!”

“दादा आडवा पडलाय. आडव्या माणसाला कुत्र्याची उंची कळत नाही.”

“ज्यांनी तुमचा ससा ओळखला, त्यांना?”

माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं मयेला गेलो.

खोलीत उजेड कमी होता, ते बरं वाटलं. दादा कॉटवर नावापुरता उरलेला. मी कुत्रीला उचलून त्याच्या कुशीशी ठेवली आणि उगाच मोठ्याने म्हणालो, “बघ दादा, कोण आलंय!” त्याचा हात चादरीतून निघाला, तिच्या डोक्यावरून पडलेल्या कानाकडे गेला. अंगठा मुळाशी फिरला. एकदा, दोनदा... मग थांबला. मग हात पुढच्या पायावरून खाली जाऊ लागला, आणि जातच राहिला. तो पाय संपेचना. मी बडबडत होतो, “आजारी होती ना, ताणल्यासारखी झालीय.” तापाने कुत्री उंच होत नाहीत, हे मलाही ठाऊक आहे. दादाने डोळे मिटले. डोळे न उघडताच म्हणाला, “बारीक जाली गो माझी...” आणि हात परत तिच्या डोक्यावर ठेवला. कुत्रीनेही, कशी कोण जाणे, मान त्याच्या बरगडीवर टाकली. मला राहवेना. मी तोंड धुवायला म्हणून विहिरीवर गेलो. परत आलो तेव्हा तो शैलाशी काही पुटपुटत होता. मला बघून गप्प झाला. निघताना म्हणाला, “हिका घेवन जा. तूच सांभाळ.” पाचव्या दिवशी सकाळी तो फोन आला.

तेव्हापासून मला दोन्हीकडून सुटका नाही. त्याला कळलं नसेल, तर ज्या माणसाने साऱ्या तालुक्याची कुत्री बोटांनी वाचली, त्याला आपलीच शेवंती वाचता आली नाही, इतका तो आधीच संपला होता. आणि कळलं असेल, तर मरणाऱ्या माणसाला मी फसवायला गेलो आणि तो ते जाणून गेला. रात्रंदिवस हेच. खरी शेवंती अजून मिळालेली नाही. फोन अजून येतात, मी अजून जातो. धारगळची आमच्याकडेच आहे. शेवंती म्हणून हाक मारली तर मान वळवत नाही, दोन घास खाते आणि फाटकाकडे तोंड करून बसते.

गेल्या रविवारी कोरगावहून फोन आला. तपकिरी, आखूड पाय, शंभर टक्के लॅब. मी आमच्या सोप्यावर बसून बूट चढवत होतो. ही पायाशी येऊन बसली आणि नाडी बांधायची सोडून माझा अंगठा तिच्या कानाच्या मुळाशी गेला. हल्ली तो आपोआप जातो. गाठ शोधत फिरतो. गाठ नाही. मऊ, स्वच्छ, कोणा तिसऱ्याचाच कान... मी म्हणालो, “चल, शेवंती.” ती हलली नाही.

शैला दारात उभी होती. “त्यांना कळलं होतं,” ती म्हणाली. मी हातातला बूट खाली ठेवला.

“तुम्ही विहिरीवर गेलात तेव्हा म्हणाले, ‘शैला, हिचो आजो मुधोळचो. बेळगांवचां रगत. माझी गेली मगो?’ मग म्हणाले, ‘तेका आताच सांगू नको माका कळलां म्हणान. तो हंयच रडत बसतलो.’ म्हणून इतके दिवस सांगितलं नाही.” ती खाली वाकली आणि कुत्रीच्या पाठीवरून हात फिरवला. “आणि म्हणाले, ‘तो तिका सोधतलो, सोधूंदे. पण हिका तिच्या नांवान हाक मारू नको म्हणान सांग. ही तिच्या बदली न्हय, ही ही आसा.’ पाच आठवडे झाले, अहो. आधी हिला नाव ठेवा. मग जा कोरगावला.”