नातीच्या गाण्यातलं गाऱ्हाणं

माझी नात इंग्लंडात बर्मिंगहॅमला राहते आणि रॅप करते. चाळीत कोणी विचारलं तर मी एवढंच सांगते. आणखी खोदून विचारलं तर सांगते की गाणं म्हणावं तर ती गात नाही, बोलणं म्हणावं तर एवढ्या भरभर कोणी बोलत नाही. ताल धरून भांडल्यासारखं असतं. त्यातले शब्द मला कळत नाहीत. ताल कळतो. मी गिरणीच्या वाइंडिंग खात्यात अकरा वर्षं काढली. तिथे यंत्राच्या ठोक्यांमधल्या फटीत शब्द टाकावा लागायचा, नाहीतर शेजारणीला ऐकू जायचं नाही. नात तेच करते. फक्त ती ठोके स्वतःच बनवते.

तिची आई, म्हणजे माझी लेक, गिरण्यांचा संप झाला तेव्हा चार वर्षांची होती. पुढे नर्स झाली, परळला एका हॉस्पिटलात लागली आणि तिथून इंग्लंडला गेली. तिकडे तिने एका बस चालवणाऱ्याशी लग्न केलं. त्याचे आईबाप वेस्ट इंडीजचे. दोघं पहिल्यांदा आली तेव्हा डिलाईल रोडच्या आमच्या चाळीतले सगळे पुरुष जावयाभोवती बसले आणि जुन्या फास्ट बॉलरांची चौकशी करू लागले. त्याला क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नव्हतं. हसून हसून त्याचे गाल दुखले असतील.

नात दोन-तीन वर्षांनी सुट्टीत यायची. गॅलरीच्या कठड्यावर बोटांनी वाजवत बसायची. चाळीच्या मारुतीपुढे पूजा असली की कोणीतरी जुना माणूस नारळ घेऊन गाऱ्हाणं घालायचा आणि दर वाक्याला सगळ्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. ते तिला फार आवडायचं. सगळ्यांच्या आधी ओरडायची. तिचे आजोबा मात्र मागे भिंतीला टेकून गप्प बसायचे. तिने एकदा विचारलं, “आजोबा, तुम्ही का नाही बोलत?” तर म्हणाले, “माझा घसा बसलाय.” त्यांचा घसा तेव्हा वीस-पंचवीस वर्षं बसलेला होता.

सोळाव्या वर्षी तिने पहिलं गाणं केलं, आईच्या नाइट ड्यूटीविषयी. खिडकीला गादी उभी लावून आपल्याच खोलीत रेकॉर्ड केलं. लेक मला फोनवर म्हणाली, “आई, सांग तिला काहीतरी, कॉलेज सोडते म्हणते.” मी काय सांगणार? मी चौथी शिकले. कॉलेज तिने सोडलंच. आता आठवड्यातले तीन दिवस पावाच्या कारखान्यात काम करते, बाकीचे दिवस गाणी. बसने दुसऱ्या गावांना जाते. कधी समोर शंभर माणसं असतात, कधी बारा. टी-शर्ट स्वतः छापते, स्वतः पोस्टात टाकते. एका कंपनीचा माणूस आला होता. त्याला तिचा आवाज हवा होता, वर तिने साडी नेसून नाचावं असंही त्याचं म्हणणं होतं. हिने त्याला चहा पाजून घालवला.

“मग तुझा मालक कोण?” मी विचारलं होतं.

“कोणी नाही आजी. मी इंडिपेंडंट.”

“भोंगा कोण वाजवतो?”

“मीच वाजवते, मीच उठते.”

“आणि संप?”

ती एवढी हसली की फोनमधला तिचा चेहरा चौकोन चौकोन होऊन फुटला.

आता कॅसेटचं सांगते. आजोबांना जाऊन वर्ष झालं तेव्हा ती आली होती. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत कॅसेटी सापडल्या. “मी नेऊ?” म्हणाली. मी म्हटलं, ने, नाहीतर भंगारात जाणार होत्या. मला वाटलं भजनं असतील.

गेल्या उन्हाळ्यात तिने नवं गाणं पाठवलं. दुपारी जेवून मी फरशीवर आडवी झाले होते, मोबाइल उशाशी. आधी ढोल वाजले. मग कावळा ओरडला, कुठेतरी भांडं पडलं, आणि ह्यांचा आवाज आला. तिशीतला. मला वाटलं, डोळा लागला. मी हललेच नाही. ह्यांनी एक वाक्य म्हटलं आणि सगळी चाळ म्हणाली, “व्हय म्हाराजा!” त्यातले एकेक आवाज मला ओळखू येत होते. जिन्याखालचा शिंपी, समोरचा खोकणारा म्हातारा, दोघं भाऊ जे एकाच ताटात जेवायचे. सगळे मेलेले. सगळे माझ्या उशाशी उभे. आणि एक बारीक आवाज, सगळ्यांच्या मागून, ओढून म्हटलेला. ती माझी लेक. चार वर्षांची, माझ्या कडेवर.

मी पण तिथेच होते. माझा आवाज त्यात नाही.

संपाच्या आधी भोंगा आमच्या अंगात होता. तो बंद झाल्यावर पाण्याखाली राहायला गेल्यासारखं झालं. लोक त्याच वेळी जागे व्हायचे, तोंड धुवायचे आणि नुसते बसून राहायचे. कापसाची पूस, ते बारीक तंतू, खात्यात नाही, पण चाळीत अजून उडत होती. कुठून यायची देव जाणे. उन्हाच्या पट्ट्यात तरंगायची, कोणी झाडायचं नाही. दिवस सुरू झाला की संपला ते कळायचं नाही. आमचे हे साचेखात्यात, मागावर होते आणि संपात पक्के होते. गावच्या मानाच्या घरातले म्हणून चाळीतलं गाऱ्हाणं त्यांच्याकडे असायचं.

माझा धाकटा भाऊ त्याच गिरणीत होता. बायको आणि दोन वर्षांचा मुलगा गावी. तो एकदा लालबागच्या बाजारात मला गाठून म्हणाला, “ताय, मी उद्या गिरणीत आत जातंय. थंयच जेवाण, थंयच झोप. पोराक दूध नाय गो.” बाकीच्यांना त्याने सांगितलं की गावी चाललोय. मी त्याला जा म्हटलं नाही, नको पण म्हटलं नाही. माझ्या पिशवीत मूठभर सुका जवळा होता, तेवढा त्याच्या हातात दिला.

तिसऱ्या दिवशी चाळीने मारुतीपुढे गाऱ्हाणं ठेवलं. शेजारच्या एकाने मस्कतहून आणलेला टेपरेकॉर्डर चालू केला. हे नारळ घेऊन उभे राहिले.

“बा देवा म्हाराजा, आज ही तुझी लेकरां तुझ्या पायाकडे येवन उभी रवली हत. गिरणीचो भोंगो गप असा. तो वाजांदे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा!”

“लेकरांच्या कष्टाक यश दी रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा!”

एवढ्यावर थांबले असते तर बरं झालं असतं. कोणीतरी मागून ओरडलं, आत जाणाऱ्यांचा पण बोला. ह्यांना चेव आला.

“आणि जो कोण आपल्या भावांची नजर चुकवन गिरणीत शिरतलो, तेच्या घरात दिवो लागूक नको म्हाराजा!”

चाळ केवढ्याने ओरडली. माझ्या कडेवरची पोर ओरडली. मी तोंड मिटून घेतलं. गाऱ्हाणं घालणारा पुढे बघतो, पण ह्यांनी त्या वेळी मान वळवली आणि त्यांना माझं तोंड दिसलं. भाऊ गावी गेलेला नाही हे त्यांना तिथेच कळलं.

त्यांनी कोणाला सांगितलं नाही. मला पण विचारलं नाही. मीठ दे, पाणी दे, एवढंच बोलायचे. पुढच्या पावसात भावाचा मुलगा गावी तापाने गेला. नदी भरली होती, डॉक्टरपर्यंत नेता आलं नाही. तापाने गेला, हेच मी मानते. पण पत्र आलं तेव्हा ह्यांनी ते दोनदा वाचलं, घडी घालून देवामागे ठेवलं, आणि त्यानंतर मरेपर्यंत एकदाही गाऱ्हाणं घातलं नाही. लोकांना वाटलं संपाने माणूस खचला. गिरणी पुढे बंदच पडली. बाहेर राहिलेले बाहेरच राहिले आणि आत गेलेले पण बाहेर आले. भाऊ गावी गेला. त्याला आणखी एक मुलगा झाला, तो आता घर चालवतो. भाऊ गेला, माझे हे गेले, आणि हे सगळं ठाऊक असलेली मी एकटी उरले.

नातीचा फोन आला. “आजी, ऐकलंस? कसं आहे?”

“बंद कर ते गाणं.”

“काय?”

“त्यात शाप आहे. शेवटचं वाक्य.”

“आजी, तोच बेस्ट पार्ट आहे! लोक वेडे होतात. व्हय म्हाराजा, व्हय म्हाराजा. मला ह्या गाण्यामुळे पार्कचा शो मिळाला. मोठा पार्क. हजारो लोक.”

“हजारो लोक काय म्हणणार?”

“त्यांना अर्थ नाही कळत. साउंड आहे फक्त.”

“चाळीतल्या पोरांना तरी कुठे कळत होता? तुझी आई पण ओरडलीय त्यात.”

“तेच तर! आईचा आवाज आहे, आजी. चार वर्षांची आई. तो मी कसा काढू?”

तेव्हा मी तिला भावाचं सांगितलं. बाजार, जवळा, माझं तोंड, गावचं पोर. चाळीस वर्षांत लेकीलाही सांगितलं नव्हतं. सांगताना मला काही वाटलं नाही. मध्येच तिचं चित्र अडकलं. तोंड उघडं, डोळे मिटलेले, मागे गादी उभी केलेली. मी त्या अडकलेल्या तोंडाकडे बघत पुढे बोलत राहिले.

“तुझ्या मामा-आजोबांचं घर आहे ते,” मी म्हटलं. “तिथे माणसं राहतात. हजार लोकांकडून त्यांच्या घरावर हो म्हणवून घेऊ नको.”

चित्र हललं. “तू बिलीव्ह करतेस हे?”

“नाही.”

“मग?”

“तरी नको.”

ती म्हणाली, “शो रविवारी आहे, आजी. त्या गाण्याशिवाय मला कोणी ओळखत नाही.” मग फोन ठेवला. आठवडाभर केला नाही. मी पण केला नाही. लेकीचा आला. तिला सगळं कळलं होतं. ती एवढंच म्हणाली, “मला त्यातलं काही आठवत नाही गं आई. फक्त तुझ्या खांद्याला कापसाचा वास यायचा.”

रविवारी लेकीने पार्कातून व्हिडिओ लावला. मोठ्या गाणाऱ्यांना संध्याकाळ देतात, नवीन माणसाला भर दुपारी उभं करतात. त्यांची दुपार म्हणजे आपले साडेपाच. मी चहा ठेवला आणि मोबाइल डब्याला टेकवला. हिरवं गवत, त्यावर माणसं, काही झोपलेली, काही खात असलेली. त्यांच्या पलीकडे नात, नखाएवढी. वाऱ्याने आवाज जायचा आणि यायचा. सगळं चहाच्या वाफेतून दिसत होतं, त्यामुळे तो पार्क माझ्या ओट्यावरच भरलाय असं वाटत होतं.

ढोल सुरू झाले. कावळा ओरडला, भांडं पडलं. मी चमच्याची मूठ घट्ट धरली. ह्यांचा आवाज येण्याच्या जागी ढोल एकदम थांबले. नातच बोलू लागली, रॅपसारखं नाही, हळू, पाठ केलेलं. आधी तिने इंग्रजीत काहीतरी सांगितलं. लेक नंतर म्हणाली की अर्थ सांगितला, म्हणजे हो म्हणणाऱ्याला कशाला हो म्हणतोय ते कळावं.

“बा देवा म्हाराजा. जो आत गेलो, तेच्या घरात दिवो लागांदे म्हाराजा.”

गवतावर एक बाई सँडविच खात राहिली. गाऱ्हाणं घातलं आणि कोणी ओ दिली नाही, असं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

“जो बाहर रवलो, तेच्या घरात दिवो लागांदे म्हाराजा.”

लेकीचा आवाज अगदी फोनजवळून आला, “व्हय म्हाराजा.” सत्तेचाळीस वर्षांची बाई, ओढून, तशीच. तिच्यामागून चार-पाच जण. मग आणखी.

“जी गप रवली, तिच्याय घरात लागांदे म्हाराजा.”

ह्या वेळी बरेच ओरडले. मीही म्हटलं. मोठ्याने म्हटलं असणार, कारण शेजारीण दारात येऊन विचारू लागली, “काकी, कोणाला हाक मारताय?” चहा उतू गेला होता.

थोड्या वेळाने नातीचा फोन आला. धापा टाकत होती. “आजी, टेप नाही लावली. अर्धे लोक कन्फ्यूज झाले. ऐकलंस?”

“ऐकलं. भायर म्हणतात. बाहर नाही.”

“अगं!”

“पुढच्या वेळी नीट म्हण.”

“म्हणजे पुढच्या वेळी चालेल?”

“चालेल. आईचा आवाज हवा तर तिला उभी कर शेजारी. टेप कशाला लागते?”

ती हसत होती की रडत होती ते वाऱ्यात कळलं नाही. तिने फोन ठेवल्यावर मी ओटा पुसला. मग गावी भाच्याच्या घरी फोन लावला. त्याच्या बायकोने उचलला. तिकडे पाऊस धो धो लागलेला ऐकू येत होता.

“काय गो, दिवो लावलंस?” मी विचारलं.

“लावलंय तर, आत्ये. सकाळपासून लाइट नाय. काळोखात बसू काय?”

“नको बसू,” मी म्हटलं आणि फोन ठेवला.