अळणी श्रावण

कारखाने यायच्या आधीची, पन्नासच्या दशकातली गोष्ट. आमची प्लाटून तळवड्याच्या माळावर तंबू ठोकून होती. वायरलेस सेट माझ्याकडे असे.

हवालदार कोंडिबा आमचा म्होरक्या. चाकणकडचा, मोजकं बोलणारा. वर्षभरात तो वाळत चालला होता. रंग काळवंडला होता, हिरड्यासुद्धा काळ्या पडल्या होत्या. तरी परेड चुकवत नसे. लंगरात, म्हणजे पलटणीच्या जेवणात, मात्र पठ्ठ्या भाजीवर मूठभर मीठ घेई, वर कोरडं चाटे.

"सरकारचं मीठ हाय, जागाया नको?" असं तोच हसून म्हणे. आम्ही त्याची यथेच्छ टिंगल करायचो.

श्रावण लागला तशी त्याची आई भेटायला आली. लेकाचा अवतार पाहून म्हातारीनं देवीला नवस बोलला: पोर बरं होऊ दे, श्रावणभर तो अळणी खाईल. त्या दिवसापासून कोंडिबानं मिठाला बोट लावलं नाही. थोड्याच दिवसांत त्याला उठताना भोवळ येऊ लागली. "उपासाची हाय," म्हणायचा. डॉक्टरचं नाव काढू देत नसे.

मग इंद्रायणीला पूर आला. पलीकडच्या मळ्यात एक कुटुंब अडकलं. सकाळी आम्ही दोर टाकला. कोंडिबा सर्वांत पुढे, कमरेइतक्या पाण्यात. आमची छाती धडधडत होती, पण त्या भीतीनंच अंगात बळ संचारलं होतं. त्याचे ओठ मात्र पांढरे पडले होते.

"उस्ताद, मागं या. मी उभा राहतो," मी ओरडलो.

"दोर सोडू नको."

शेवटची म्हातारी काठाला लागली आणि कोंडिबा पाण्यातच खाली बसला. आम्ही त्याला ओढून बाहेर काढलं. मी सेट उचलला.

"हॅलो वन. कॅज्युअल्टी. डॉक्टर पाठवा. ओव्हर."

"कोण? ओव्हर."

"हवालदार कोंडिबा. श्वास चालू, नाडी लागत नाही. ओव्हर."

कॅप्टन डॉक्टर आले. त्यांनी हिरड्या पाहिल्या. "मीठ फार खायचा?"

"हो सर. श्रावणापासून बंद. आईचा नवस."

त्यांनी क्षणभर डोळे मिटले. सलाइन लावता लावता म्हणाले, "मूत्रपिंडांवर दोन छोट्या ग्रंथी असतात. संकट आलं की त्या रक्तात हार्मोन सोडतात. काळीज जोरात चालतं, रक्तदाब टिकतो. तुम्हा सगळ्यांना आज तेच झालं. अंगातलं मीठही त्याच धरून ठेवतात. याच्या ग्रंथी बहुतेक क्षयानं खाल्ल्यात. मिठावरच तग धरून होता हा."

त्या ग्रंथींची उणीव भरून काढणारं कॉर्टिसोन आणायला जीप पुण्याला पळाली. ती परतली तेव्हा आम्ही कोंडिबावर चादर ओढली होती. मला रडू आलं नाही, भयंकर राग आला. कुणाचा ते कळेना.

संध्याकाळी त्याची आई आली. त्याच्या कपाळावर हात ठेवून तिनं मला विचारलं, "माजा नवस कमी पडला का रं?"

डॉक्टर काही बोलणार, तेवढ्यात मीच म्हणालो, "नाही, आई. त्यानं तुमचा शब्द शेवटपर्यंत पाळला."

ते खरंच होतं. डॉक्टरांनी सलाइनची नळी गुंडाळली.

अजूनही श्रावणात जेवायला बसलो की ताटात आधी मीठ वाढून घेतो. त्यातलं चिमूटभर कोंडिबाचं. त्याला मी हात लावत नाही.