सहावर कुंकू

दसऱ्याला माझ्या मशीनची पूजा झाली तेव्हा मला शेडच्या दारात उभं केलं होतं. दापोड्याला गोदामांसाठी लोखंडी रॅक बनवायचा कारखाना. रॅकच्या पायाला भोकं पाडताना तो घट्ट धरून ठेवणारा, हवेवर चालणारा शिकंजा मी तीन वर्षं चालवत होते. सगळ्यांनी आपापल्या मशीनला हळदकुंकू वाहिलं. माझी पाळी आली तेव्हा शेठचा भाचा, आमचा सुपरवायझर, स्टोअरवाल्याला म्हणाला, "तू लाव. कातकरणीच्या हातून पूजा नको." सगळ्यांनी ऐकलं. कोणी मान वर केली नाही. मीही केली नाही, त्याची लाज अजून वाटते.

दुसऱ्या दिवशी शिकंजा धरेना. ड्रिल टेकलं की रॅकचा पाय सरकायचा. पाय पकडणाऱ्या जबड्याचं रबर झिजून गुळगुळीत झालं होतं, एवढंच. भाच्यानं रबर बघितलंच नाही. त्यानं हवेचा दाब ठरवणाऱ्या रेग्युलेटरची मूठ वर ओढली आणि तो ती फिरवत सुटला. काटा सहावर होता. सात. आठ. नऊ किलो. हवेचा पाइप ताठ झाला, जोडापाशी बारीक फुसफुस सुरू झाली. त्यानं पेडल दाबून बघितलं. रोज ठक् करून बसणारा जबडा धाडकन आपटला. पायाचा पत्रा चेपला.

हे काम मला उस्मानचाचांनी शिकवलं होतं. कामतघरचे जुने फिटर, आता गावी गेले. हवा कमीकडून हळूहळू वर आणायची, सहाला थांबायचं, मूठ दाबून लॉक करायची. वर म्हणायचे, "बेटी, काँटा देखे बिना हाथ मत डाल."

मी म्हणाले, "साहेब, रबर बदला. हवा सहाच्या वर न्हाय न्यायची."

तो हसला. "जंगलात कंद उकरणारी मला हवा शिकवते. काटा वाचायला अक्कल लागते. तू पेडल मार."

माझा हात पूजेला चालत नव्हता. जबड्यात चालत होता. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, आदल्या दिवसाचा रागही त्यात आला. "मी न्हाय हात घालनार," मी म्हणाले.

त्यानं वाद घातला नाही. त्याचीच मला भीती वाटली. त्यानं जनीला हाक मारली. जनी माझ्याच पाड्यावरची, कामाला लागून चार दिवस झालेली. तिनं पदर खोचला, रॅकचा पाय उचलला. फुसफुस वाढली होती. तिची बोटं जबड्याच्या आत गेली, पाऊल पेडलकडे सरकलं. काट्याकडे तिनं बघितलंही नाही. तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

मी तिचा दंड धरून तिला मागे ओढलं आणि हवेचा कॉक बंद केला. काटा शून्यावर येईपर्यंत तिथून हलले नाही.

"उद्यापासून येऊ नको," भाचा म्हणाला.

जनीला आकडे येत नव्हते. मशीनवर कालचं कुंकू होतं. मी ते बोटानं पुसून घेतलं आणि काट्याच्या काचेवर सहाच्या जागी टिकली लावली. "काटा ह्याच्या वर गेला का हात घालायचा न्हाय. कोन बी सांगू दे."

तेव्हापासून शिफ्ट सुटताना मी फाटकाबाहेर उभी असते. आमच्या बायका येतात. मी काडीनं मातीत काटा काढून दाखवते. रबर अजून बदललेलं नाही, जनी सांगते. काचेवरची टिकलीही त्यानं पुसायला लावली. पुसू दे. काटा वाचता येत नाही अशी एकही बाई मी त्या जबड्यापाशी जाऊ देणार नाही.