अभिरामरावांचा राजा

अभिरामरावांनी महापेच्या एका केमिकल कंपनीत तीस वर्षं सेफ्टी ऑफिसर म्हणून काढली. रिटायर झाल्यावर हुकूम सोडायला माणसं उरली नाहीत, तेव्हा त्यांनी करड्या रंगाचा आफ्रिकन पोपट आणला आणि त्याचं नाव ठेवलं राजा. ऐरोलीच्या त्या फ्लॅटमध्ये त्यांच्या बायकोचं, गीतांजलीबाईंचं, होतं नव्हतं तेवढं राज्य त्या दिवशी संपलं.

राजा पिंजऱ्याबाहेर असेल तोवर पंखा बंद, मग मे महिना का असेना. उदबत्ती नाही, डासांची कॉइल नाही, बाथरूममधल्या बादलीवर कायम झाकण. नॉनस्टिक पॅन तर अभिरामरावांनी स्वतः माळ्यावर टाकला. रिकामा तापला तर त्याच्या धुराने पाखरू दहा मिनिटांत मरतं, माणसाला पत्ताही लागत नाही, हे त्यांनी बायकोला तीन-तीनदा बजावलं. तिच्याकडून काही चुकलं की एकच शब्द यायचा, "बिनडोक."

चौतीस वर्षांच्या संसारात तो शब्द काही नवा नव्हता. नवं एवढंच, की सहा महिन्यांत राजा तो शिकला, अगदी अभिरामरावांच्या आवाजात. एकदा घरी भिशी होती. बाई चहाचा ट्रे घेऊन बाहेर आल्या आणि राजा म्हणाला, "बिनडोक." बायका हसून हसून बेजार झाल्या. अभिरामरावांनी त्याला बदाम दिला.

मागच्या दिवाळीनंतर अभिरामरावांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. मुलगा निशांत बंगळुरूहून आला, आठ दिवस राहिला, व्हीलचेअर घेऊन दिली आणि परत गेला. नवऱ्याला उठवणं, पुसणं, भरवणं सगळं बाईंवर पडलं. ते त्यांनी न कुरकुरता केलं. खरं सांगायचं तर आत कुठेतरी त्या सुखावल्या होत्या. घर गप्प झालं होतं. फक्त राजा गप्प नव्हता.

एके सकाळी व्यायाम करून घेणारा विपुल आला होता. दोघं मिळून अभिरामरावांना खुर्चीत बसवत होते. बाई ब्रेक लावायला विसरल्या, खुर्ची मागे सरकली. राजा ओरडला, "बिनडोक!"

आणि अभिरामराव हसले. अर्ध्याच तोंडाने, पण चांगला आवाज करून. झटक्यानंतर त्यांच्या गळ्यातून निघालेला तो पहिला आवाज होता. विपुल खूश झाला. म्हणाला, "काकू, ही मोठी इम्प्रूव्हमेंट आहे. राजाला रोज बोलू द्या."

दुसऱ्या दिवशी बाईंनी नवऱ्याची खुर्ची बाल्कनीत नेली. तोंड घराकडे केलं, ब्रेक आठवणीने लावला, काचेचा दरवाजा ओढून घेतला. स्टुलावर चढून माळ्यावरचा पॅन काढला. स्वयंपाकघराची खिडकी लावली, राजाचा पिंजरा ओट्यावर आणून ठेवला आणि रिकामा पॅन मोठ्या गॅसवर चढवला. मग नाकाला पदर लावून दारात उभ्या राहिल्या.

अभिरामरावांना बाल्कनीतून ओटा सरळ दिसत होता. ते डाव्या हाताने काच बडवू लागले. बाईंनी तिकडे पाहिलंच नाही. राजा एकदा बोलला, दुसऱ्यांदा बोलताना त्याचा आवाज मध्येच तुटला, आणि तो दांडीवरून खाली पडला.

खिडक्या उघडून, घर मोकळं करून बाई बाल्कनीत गेल्या. नवऱ्याच्या डोळ्यांतलं पाणी त्यांनी पदराने टिपलं आणि शांतपणे म्हणाल्या, "तुम्हीच तर शिकवलंत."

निशांतला त्यांनी फोनवर सांगितलं, चुकून पॅन गॅसवर राहिला. तो म्हणाला, आई, तुझंही आता वय झालंय.

दोन दिवस अभिरामरावांनी खायला तोंड उघडलं नाही. बाईंनीही जबरदस्ती केली नाही. त्या पेजेची वाटी समोर ठेवायच्या, गार झाली की उचलून न्यायच्या. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी अभिरामरावांनी तोंड उघडलं. बाईंनी चमचा भरला, तोंडापर्यंत नेला, आणि ते पुढे झुकेपर्यंत तसाच धरून ठेवला.