अठ्ठावन्न किलोंचे नऊ कागद

सिंधुबाईला पहिला संशय आला तो गीताबाईच्या वजनावरून.

वीजकेंद्राच्या राखेपासून विटा पाडणाऱ्या कारखान्यात मालक मोहनरावांनी मजुरांसाठी तपासणी शिबिर ठेवलं होतं. सिंधुबाईचा नवरा कचरू तिथं अकरा वर्षं राख चाळत होता. गेलं वर्षभर तो खोकत होता. त्याच्या कागदावर लिहिलं होतं : वजन अठ्ठावन्न किलो, फुप्फुसं निरोगी. शेजारची गीताबाई अगदीच किडकिडीत, पण तिच्या कागदावरही अठ्ठावन्न. सिंधुबाईनं वस्तीतून नऊ कागद गोळा केले. सगळे अठ्ठावन्न, सगळे निरोगी.

"लिहिणाऱ्याची चूक आसंल," कचरू म्हणाला. "ह्याच राखंवर आपलं पक्कं घर झालं. आपली पोरगी पंचशीला बीडला नर्सिंगला गेली. उगं कशाला शंका काढती?"

"घर दिसतंय मला. पर चढावर तुमी दोनदा बसता, ते बी दिसतंय."

दुसऱ्या दिवशी कारखान्याचा मुकादम बंकट दारात आला. कागद परत हवेत, नवे मिळतील, म्हणाला.

"आदी नवे आना," सिंधुबाई म्हणाली. "जुने लेकीकडं बीडला गेलेत."

कागद तेव्हा पिठाच्या डब्याखाली होते. पण सकाळच्या पहिल्या एसटीनं ते खरंच बीडला निघाले, कचरूसकट.

सरकारी दवाखान्यात कचरूचं वजन एकोणपन्नास भरलं. डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे उजेडावर धरला, तर सिंधुबाईनं आधी त्यावरचं नाव वाचून घेतलं.

"यांचाच आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "छातीत धूळ बसलीय. बसलेली निघणार नाही. काम सोडलं तर वाढायची थांबेल कदाचित."

परतीच्या गाडीत कचरू हळूच म्हणाला, "शिबिरात छातीचा फोटो काढलाच न्हवता. नुसता आंगठा घेतला. मला ठाव होतं."

"मग बोलला का न्हाई?"

"बोललो आसतो तर काम गेलं आसतं."

सिंधुबाईला त्याचा राग आला, आणि शिबिरात काय झालं ते आपण आधीच विचारलं नाही याचाही.

महिनाभरात उरलेले आठही जण बीडला जाऊन आले. दोघांच्या छातीत तेच निघालं. कामगार कार्यालयात अर्ज गेला, तपासणीला साहेब आले, मोहनरावांनी राखेवर पाणी मारायचा पाइप बसवला. साहेब येतात तेव्हाच तो चालतो, असं सिंधुबाईचं मत आहे.

कचरूनं काम सोडलं, त्याच दिवशी त्याच्या जागेसाठी गावातले तिघं घरी विचारायला आले. सिंधुबाईनं त्यांना आतून एक्स-रे आणून दाखवला. दोघं उठून गेले. तिसरा तो बघून म्हणाला, "मावशी, हजेरी कधीपासून लागंल?"